वेबसाइटवर टाकलंय, पण सापडतंय का?

पीएच.डी. करायचं ठरवलंत की तुमचं पहिलं संशोधन प्रयोगशाळेत होत नाही, विद्यापीठाच्या वेबसाइटवर होतं. गाईड कोण, जागा किती, फॉर्म कधी, शुल्क किती, हार्ड कॉपी कुठे द्यायची. एवढ्या पाच उत्तरांसाठी माणूस दोन-दोन रात्री घालवतो आणि शेवटी कुणातरी सिनियरला फोन करतो. मीही तेच केलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या तेच करत असणार.

आज या वेबसाइटबद्दलच लिहायचं आहे, पण नुसती तक्रार म्हणून नाही. विद्यापीठाची वेबसाइट नव्या विद्यार्थ्यांसाठी कशी सुधारायची, हा स्वतःच एक संशोधनाचा प्रश्न आहे. त्याला पद्धती आहेत, त्या पद्धतींवर वाद आहेत. आणि त्या टाळून घाईघाईने केलेलं सर्वेक्षण किती फसवं असतं, हे मी स्वतः फसून शिकले आहे. तुमचा विषय रसायनशास्त्र असो की मराठी साहित्य, ही चूक तुमच्याही हातून होऊ शकते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझा गूगल फॉर्म

दोन वर्षांपूर्वी आमच्या विद्यापीठाची वेबसाइट नव्याने झाली. नाव सांगत नाही, कारण वाचताना तुम्हाला ते तुमचंच विद्यापीठ वाटण्याची शक्यता आहे. रंग बदलले, वर सरकते फोटो आले, कुलगुरूंचा संदेश आला. मग ‘विद्यार्थ्यांचे अभिप्राय मागवावेत’ असं पत्र विभागांना आलं. आमच्या सरांनी ते माझ्याकडे सरकवलं, कारण मला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’.

मी अर्ध्या तासात गूगल फॉर्म बनवला. वेबसाइटची रचना कशी वाटली? माहिती शोधणं सोपं आहे का? रंगसंगती आवडली का? प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. लिंक विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, वेबसाइटवरही ठेवायला लावली. उत्तरं भरपूर आली. बहुतेकांनी ४ दिले होते. मी आलेख काढले, त्यांना छान रंग दिले आणि अहवालात लिहिलं की विद्यार्थी नव्या वेबसाइटबाबत समाधानी आहेत. सर खूश, वरचं ऑफिस खूश, मीही खूश.

फराळाचं ताट आणि पाऊण तास

त्याच वर्षी दिवाळीत मावशीकडे गेले होते. माझी मावसबहीण वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे, तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिने नेट दिली होती आणि ती तिसऱ्या गटात पात्र ठरली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ मिळणारे पहिल्या गटात, सहायक प्राध्यापकपदाला आणि पीएच.डी. प्रवेशाला पात्र दुसऱ्या, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशाला पात्र तिसऱ्या. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणजे तिच्या हातात एक वर्ष होतं. आमच्या विद्यापीठात नेटवाल्यांना पेटमधून सूट असते, त्यामुळे फॉर्म भरायचा आणि थेट मुलाखतीला जायचं, इतकं सरळ काम.

“फॉर्म भरलास ना?” मी सहज विचारलं.

“नाही ताई. तारीख गेली. आणि गाईडची यादीच सापडली नाही, तर नाव कुणाचं टाकणार?”

“अगं, वेबसाइटवर आहे की!”

“कुठे? दाखव बरं.”

एरवी मी तिच्या हातातून फोन घेतला असता आणि दहा सेकंदांत यादी उघडून दिली असती. पण माझ्या हातात फराळाचं ताट होतं. म्हणून म्हटलं, “तूच उघड, मी बघते.” माझ्या आजवरच्या संशोधनातला सगळ्यात चांगला पद्धतशास्त्रीय निर्णय त्या ताटामुळे झाला.

तिने वेबसाइट उघडली. फोनचा अर्धा पडदा दीक्षान्त समारंभाच्या फोटोंनी भरला. तिने मेनू उघडला आणि ‘प्रवेश’वर बोट ठेवलं. तिथे फक्त विद्यापीठ परिसरातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे प्रवेश होते. परत आली. पेट ही परीक्षाच ना, म्हणून ‘परीक्षा’मध्ये गेली. तिथे बी.ए., बी.कॉम.ची वेळापत्रकं. परत. ‘संशोधन’मध्ये पेटंट मिळवलेल्या प्राध्यापकांचे फोटो होते. परत. पीएच.डी.चं सगळं साहित्य ‘बीसीयूडी’ नावाच्या कप्प्यात होतं. बीसीयूडी ही जुन्या विद्यापीठ कायद्यातली व्यवस्था. महाराष्ट्रात २०१६ चा नवा कायदा आला आणि ती गेली, पण मेनूतलं नाव तसंच राहिलं. कँपसमध्ये पाच वर्षं काढलेल्या मला ते नाव पाठ होतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला ते का माहीत असावं?

शेवटी मीच कप्पा सांगितला. गाईडची यादी उघडली. साठेक पानांची पीडीएफ, कागद स्कॅन करून चढवलेली, मधली काही पानं आडवी, आणि क्रम कॉलेजच्या कोड नंबरप्रमाणे. तिने शोधपट्टीत विषयाचं नाव टाकलं. काहीच नाही, कारण पीडीएफमध्ये अक्षरं नव्हतीच, कागदाचा फोटो होता. मग बोटांनी पान मोठं करत, सरकवत, तिने एक नाव शोधून काढलं. त्या मॅडम आदल्या वर्षीच निवृत्त झाल्याचं मला माहीत होतं.

मग तारीख. जाहिरात ‘परिपत्रके’मध्ये होती, त्यातली शेवटची तारीख खरंच होऊन गेलेली. पण मुदतवाढ मिळाली होती. ती ‘ताज्या घडामोडी’मध्ये ‘शुद्धिपत्रक क्र. २’ या नावाने होती आणि ती वाढीव मुदतही चार दिवसांपूर्वी संपली होती.

“म्हणजे मी तारीख गेली म्हणून गप्प बसले, तेव्हा तारीख होती?”

मी काही बोलले नाही. तीच पुढे म्हणाली, “मलाच जमत नाही गं असलं काही.”

फॉर्ममध्ये चुकलं काय

परत आल्यावर मी माझा अहवाल उघडून बघितला. ‘माहिती शोधणं सोपं आहे का?’ या प्रश्नापुढे ४ चा उंच स्तंभ तसाच उभा होता. आकडे खोटे नव्हते. तरी निष्कर्ष चुकीचा होता. चुका तीन.

पहिली चूक नमुन्याची. फॉर्म भरला कुणी? विभागाच्या ग्रुपवर असलेल्यांनी, म्हणजे ज्यांचा प्रवेश आधीच झालाय त्यांनी. ज्यांना वाट सापडली नाही, ते ग्रुपवर नव्हतेच. संख्याशास्त्रात अब्राहम वाल्ड यांची गोष्ट यासाठी नेहमी सांगतात. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजल्या जात होत्या. परत न आलेली विमानं त्या मोजणीत नाहीत, त्यामुळे खुणा जिथे दिसत नाहीत ती जागाच नाजूक असू शकते, असा तो विचार. सांगता सांगता ही गोष्ट बरीच सजवली गेली आहे, पण वाल्ड यांनी १९४३ मध्ये या प्रश्नावर केलेलं गणिती काम खरं आहे. (१९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आलेले असताना निलगिरीतल्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला, हा दुर्दैवी योगायोग.) माझी बहीण परत न आलेलं विमान होती. आणि मी तर फॉर्मची लिंक वेबसाइटवरच ठेवली होती. म्हणजे ‘वेबसाइटवर गोष्टी सापडतात का?’ हा प्रश्न ज्यांना ती लिंक सापडली त्यांनाच विचारला होता.

दुसरी चूक प्रश्नाची. ‘सोपं आहे का?’ हे मत झालं. मला मोजायची होती कृती. रसायनशास्त्रवाल्यांना सांगायचं तर, इंडिकेटर न टाकता टायट्रेशन केलं तरी ब्युरेटमधून द्राव पडतो आणि वहीत रीडिंगही लिहिता येतं, पण एंड पॉइंट कधी होऊन गेला ते कळत नाही. माणसाला नेमकं काहीतरी शोधायला दिल्याशिवाय वेबसाइट सोपी आहे की अवघड, याचं रीडिंग लागत नाही.

तिसरी चूक सगळ्यात सूक्ष्म, आणि ती आपल्याकडे फार चालते. माणसं वेबसाइटला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. ‘मलाच जमत नाही’ म्हणणाऱ्या माझ्या बहिणीने तो फॉर्म भरला असता ना, तर तिनेही ४ दिले असते. विद्यापीठाच्या वेबसाइटला २ देणारे आपण कोण! इंग्रजी माध्यमातून न आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत हा संकोच जास्त असतो, असं मला दिसत आलंय. आणि वेबसाइटवर अडतातही तेच जास्त. म्हणजे ज्यांचं दुखणं मोठं, त्यांचाच आवाज सर्वेक्षणात बारीक.

वेबसाइट बनते कुणासाठी?

रँडल मन्रो यांचं २०१० मधलं एक व्यंगचित्र आहे, ‘एक्सकेसीडी’ या त्यांच्या मालिकेतलं. दोन वर्तुळं एकमेकांत थोडी शिरलेली. एकात विद्यापीठांच्या मुख्य पानावर असणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात लोक तिथे शोधायला येतात त्या गोष्टी. दोन्हींत सामाईक एकच, संस्थेचं पूर्ण नाव. चित्र अमेरिकेतल्या विद्यापीठांबद्दल आहे, पण आपल्याला हसू येतं ते ओळख पटल्यामुळेच.

मात्र हसून सोडण्याआधी हे असं का होतं ते बघू. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडलं, आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. एखादी संस्था जी प्रणाली बनवते, तिची घडण त्या संस्थेतल्या आपसांतल्या संवादाच्या घडणीसारखीच होते, असा त्याचा मथितार्थ. आमच्या वेबसाइटचा मेनू बघा: प्रशासन, प्राधिकरणे, परीक्षा, वित्त. हा विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा मजलानिहाय फलक आहे. जाहिरात एका टेबलावरून गेली म्हणून एका कप्प्यात, शुद्धिपत्रक दुसऱ्या टेबलावरून गेलं म्हणून दुसऱ्या. आपापल्या टेबलापुरतं प्रत्येकाने काम चोख केलं होतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या विद्यापीठाच्या वेबसाइटचा रोजचा वाचक विद्यार्थी असला, तरी तिचा परीक्षक वेगळा आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की अमुक माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा. नॅकला कागदपत्रं दिसायला हवीत, एनआयआरएफचा तपशील हवा, रॅगिंगविरोधी समिती हवी. हे सगळं योग्यच आहे. पण तपासणाऱ्याचा प्रश्न असतो, ‘टाकलंय का?’ आणि विद्यार्थ्याचा असतो, ‘सापडेल का?’ पहिल्याला हो म्हणायला एक लिंक पुरते.

यूजीसीचे २०२२ चे पीएच.डी. नियमच घ्या. त्यानुसार विद्यापीठाने मार्गदर्शकांची यादी, त्यांचं पद आणि विभाग, त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांची नावं, विषय आणि प्रवेशाची तारीख यांसह वेबसाइटवर ठेवायची असते आणि ती दर शैक्षणिक वर्षी अद्ययावत करायची असते. त्याच नियमांत एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. यादी नीट असेल तर कुणाकडे जागा असू शकते ते साध्या वजाबाकीने कळेल! कुणाला फोन नको, ओळख नको. नियम करणाऱ्याने उत्तर जवळजवळ हातात दिलंय. आणि आपण त्याचा कागद छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून, आडवा चढवतो. नियमाच्या रकान्यात बरोबरची खूण होते आणि माझी बहीण निवृत्त मॅडमच्या नावापाशी पोहोचते.

जी व्यक्ती डोळ्यांनी बघू शकत नाही, तिचं तर त्याहून अवघड. स्क्रीन रीडर अक्षरं वाचतो, अक्षरांचा फोटो त्याला वाचता येत नाही. सरकारी संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तेव्हा काय करायचं हे कुणाला माहीत नाही, असं म्हणायला जागा नाही.

मग बघायचं कसं?

आता पद्धतीकडे येऊ. तिला वापरयोग्यतेची चाचणी म्हणतात. नाव जड आहे, काम हलकं: ज्याच्यासाठी वेबसाइट आहे त्या माणसाला खरं काम द्यायचं, शेजारी बसायचं, बघायचं, मदत करायची नाही.

काम कसं द्यायचं यातच अर्धं कौशल्य आहे. ‘पीएच.डी. विभागात जाऊन मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची यादी उघडा’ असं म्हटलंत की तुम्ही मेनूतले शब्दच हातात दिलेत. त्याऐवजी म्हणा, ‘तुम्हाला मातीतल्या बुरशीवर काम करायचं आहे. या विद्यापीठात तुम्हाला कोण घेऊ शकेल ते शोधा आणि त्यांच्याकडे जागा असेल का, ते मला सांगा.’ पहिल्या वाक्यात ऑफिसची भाषा आहे, दुसऱ्यात विद्यार्थ्याची गरज. वेबसाइटची परीक्षा दुसऱ्या वाक्यानेच होते.

शोधताना त्या माणसाला मनातलं मोठ्याने बोलायला सांगायचं. ही युक्ती मानसशास्त्रातून आली. के. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० मध्ये सविस्तर मांडलं की काम चालू असताना मनात येईल ते बोलत राहिलेला माणूस भरवशाची माहिती देतो, पण नंतर ‘तू असं का केलंस?’ म्हणून विचारलं तर तो कारणं रचू शकतो. त्याच सुमारास आयबीएममध्ये क्लेटन लुईस यांनी ही पद्धत संगणक वापरणाऱ्यांवर लागू केली. म्हणून चाचणीत ‘का?’ कमी विचारायचं आणि ‘आता काय शोधताय?’ इतकंच अधूनमधून.

आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं: ‘परीक्षा वेबसाइटची आहे, तुमची नाही. अडलात तर तेच मला हवंय.’ संमती घ्या, नावं लिहू नका, पडदा रेकॉर्ड करायचा तर आधी विचारा. हे शिष्टाचार तर आहेतच, पण ‘मलाच जमत नाही’ हा संकोच सैल करायचाही तोच उपाय आहे.

मेनूची रचना तपासायला तर वेबसाइटही लागत नाही. प्रवेशाशी संबंधित तीसेक गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहा. विद्यार्थ्यांना म्हणा, ज्या एकत्र असाव्यात असं वाटतं त्यांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या. ‘बीसीयूडी’ हे नाव कुणी दिलं तर मला कळवा.

पाच माणसं पुरतात का?

इथे तुमच्यातले संशोधक जागे होतील. किती जणांवर चाचणी करायची? या क्षेत्रात ‘पाच’ हा आकडा मंत्रासारखा सांगितला जातो. तो आला कुठून?

जेकब नीलसन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये एक सूत्र मांडलं. एखादी अडचण एका माणसाच्या चाचणीत दिसण्याची शक्यता प धरा. मग ती न माणसांत निदान एकदा दिसण्याची शक्यता होते १ − (१ − प)^न. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत प ची सरासरी ३१ टक्के आली. न ला पाच धरून आकडेमोड करा: ०.६९ चा पाचवा घात साधारण ०.१६, म्हणजे ८४-८५ टक्के अडचणी पाच माणसांत दिसतात. सहाव्यापासून नवीन काही फारसं मिळत नाही. पैसे आणि वेळ नसलेल्यांना ही मोठी सुटका होती.

पण सूत्र वाचताना ‘सरासरी’ या शब्दावर थांबायला शिका. एखादी अडचण दहा टक्के लोकांनाच येत असेल तर? प ०.१ धरा, पाच माणसांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते. पंधरा जण घेतले तर सुमारे ७९. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये हे प्रत्यक्ष करून बघितलं. ६० जणांची चाचणी घेतली आणि त्यांतून पाच-पाच जणांचे गट यादृच्छिकपणे निवडले. काही गटांत ९९ टक्के अडचणी सापडल्या, काहींत ५५ टक्केच. वीस-वीसच्या गटांत मात्र सगळ्यात वाईट गटानेही ९५ टक्के पकडल्या. पाचाचा मंत्र खोटा ठरला नाही, पण त्यात नशिबाचा भाग किती आहे ते दिसलं.

शिवाय नीलसन यांनीच सांगून ठेवलंय की वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारातून माणसं घ्यावी लागतात. आपल्या विद्यापीठाकडे येणारे कोण? फोनवरच सगळं करणारी माझी बहीण, रजा काढून पीएच.डी. करू पाहणारे चाळिशीतले प्राध्यापक, परराज्यातून आलेला आणि मराठी परिपत्रक वाचू न शकणारा जेआरएफवाला, स्क्रीन रीडर वापरणारी विद्यार्थिनी. विभागाच्या कट्ट्यावरचे पाच मित्र पकडून आणले तर पाच होतील, पण एकाच प्रकारचे.

माझं मत विचाराल तर, सुरुवात पाचांनीच करा, पण एकदा नाही. पाच जण, सुधारणा, पुन्हा वेगळे पाच जण. एका मोठ्या सर्वेक्षणापेक्षा अशा लहान फेऱ्या जास्त शिकवतात, कारण पुढची फेरी मागच्या दुरुस्तीलाही तपासते.

पुढे काय झालं

मी सरांना सांगितलं की माझा अहवाल चुकीचा होता. ते वाक्य उच्चारायला मला आठवडा लागला. मग ओळखीच्या ओळखीतून, कँपसबाहेरचे पाच जण गाठून चाचणी घेतली. पाचही जणांचं बोट आधी ‘प्रवेश’वरच गेलं. पाचांवरून टक्केवारी काढायची नसते, आणि मी ती काढलीही नाही. फक्त त्या पाच वाटा कागदावर काढून नेल्या.

पीएच.डी. विभागातल्या काकांना त्या दाखवल्या. मला वाटलं होतं, चिडतील. ते म्हणाले, “मॅडम, आम्हाला दिवसभर हेच फोन येतात. वेबसाइट आमच्या हातात कुठे आहे?” मी त्यांना एक कागद दिला. चार रकाने: तारीख, गाईड, शुल्क, हार्ड कॉपी. फोन आला की त्या रकान्यात एक रेघ मारायची, आठवडाभर. ‘तारीख’च्या रकान्यात रेघा मावल्या नाहीत, त्यांनी मागच्या बाजूला लिहिल्या. तो पाठपोट कागद माझ्या रंगीत आलेखांपेक्षा लवकर कामाला आला. आता मुदतवाढ मूळ जाहिरातीच्या शेजारीच, त्याच ओळीत दिसते. मेनू तसाच आहे, त्याला समिती लागते. गाईडची यादीही अजून स्कॅन केलेलीच आहे.

बहिणीचं ते वर्ष गेलं. नेटचे गुण संपले, आता ती पुन्हा अभ्यासाला बसली आहे, सकाळी तासिका, रात्री नेट. यंदा जाहिरात निघाली की मी तिला फोन करणार आहे. तिच्यासाठी हे पुरेल, पण जिची मावसबहीण विद्यापीठात नाही तिच्यासाठी पुरणार नाही.

तुमच्यासाठी एक काम. संशोधन पद्धतीचा पेपर कधी असेल तेव्हा असेल, हे या आठवड्यातच करून बघा. ज्या विद्यापीठात तुम्हाला अर्ज करायचा आहे त्याची वेबसाइट, त्या विद्यापीठाशी काहीही संबंध नसलेल्या एका मित्राच्या फोनवर उघडायला सांगा. काम एकच द्या: ‘पीएच.डी.चा फॉर्म भरायची आजची खरी शेवटची तारीख शोध.’ शेजारी बसा. तो चुकेल तिथे तुमचा हात आपोआप पुढे जाईल, तो मागे घ्या. त्याने कुठे कुठे बोट ठेवलं ते क्रमाने लिहा आणि त्याच्या तोंडचे शब्द तसेच्या तसे लिहा. मग तो कागद त्या विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला नम्रपणे पाठवा. उत्तर येईलच असं नाही. पण मुदतवाढीचं शुद्धिपत्रक असेल, तर या निमित्ताने ते तुम्हाला वेळेत सापडेल.

आणि शोधताना मित्र ‘मलाच कळत नाही’ म्हणाला, तर तेही वेळेसकट लिहून ठेवा.